तिनं खाल्लं का?

रविवार, तुमच्या तेराव्यानंतरचा पहिला. वेळ दुपारची, जेवणं उरकल्यावर. ठिकाण हिंगोलीच्या आपल्या घराची बैठक, पडदे ओढलेले. हजर: मी, हे, म्हणजे तुमचे धाकटे भाऊ, सेनगावचे भाऊजी, म्हणजे तुमचे मधले भाऊ आणि माझे थोरले दीर, मोठ्या जाऊबाई, शेजारच्या नसीमभाभी. गैरहजर: तुम्ही.

त्या दुपारी मी काय केलं ते तुम्हाला सांगायचं आहे, आक्का. पण क्रमानं सांगते, कारण सुरुवात चुकलेल्याला तुम्ही पुढचं काही सांगत नव्हतात.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणात सतरंज्या टाकून शोकसभा झाली. भाऊजी बोलायला उभे राहिले. शिरड शहापूरची शाळा, तुमच्या बदल्या, तुमच्या हाताखालून गेलेली पोरं, सगळं त्यांनी सांगितलं आणि ते बरोबर होतं. शेवटी म्हणाले, "आमच्या आक्कानं शेवटाला सगळा मोह सोडला व्हता. टीव्ही बी तिनंच बंद करायला लावला. हरिनाम घेत घेत गेली." लोकांनी माना हलवल्या. सेनगावच्या पाहुण्यांपैकी एका बाईनं डोळ्याला पदर लावला. हे खोटं आहे हे तिथं दोघांनाच माहीत होतं, मला आणि भाऊजींना.

मी उठले नाही. चहाचे कप गोळा केले. घाई करायची नसते, हे तुम्हीच शिकवलेलं.

तुम्हाला सुडाचे पिक्चर आवडायचे. बाकी सगळ्या पिक्चरना तुम्ही "टाइमपास" म्हणायचात आणि तो शब्द शाळेत नापास मुलाचं नाव घ्यावं तसा उच्चारायचात. विनोदी पिक्चरला तुम्ही कधी आला नाहीत. "हसायला घरात माणसं कमी हायेत का?" प्रेमाच्या पिक्चरमध्ये तुम्ही मध्यंतरापर्यंत टिकायचात, तेही बाहेर मिळणाऱ्या गरम भज्यांसाठी. पिक्चरमध्ये कुत्रं दिसलं की उठून जायचात, कारण ते मरणार हे तुम्हाला पहिल्याच दृश्यात कळायचं आणि ते तुम्हाला सहन होत नसे. माणसं मेलेली चालायची.

मी कळमनुरीहून लग्न होऊन आले त्या महिन्यात तुम्ही मला टॉकीजला नेलं. शनिवार होता, तुमची सकाळची शाळा. शिरड शहापूरहून एसटीनं उतरून तुम्ही थेट थिएटरच्या दारात आलात, डब्यातली पोळी हातात. मला साडी नेसायला उशीर झाला होता. पडद्यावरचं सर्टिफिकेट निघून गेलं होतं, नावं चालू होती. तुम्ही मला दारातूनच परत फिरवलं. "सर्टिफिकेट चुकलं म्हणजे पिक्चर चुकला. पुढच्या शनिवारी येऊ." नव्या नवरीला पिक्चर न दाखवता घरी आणणारी नणंद म्हणून मी माहेरी तुमची तक्रार केली होती. पुढच्या शनिवारी मी तासभर आधी तयार होते. तेव्हापासून आजपर्यंत मी कुठल्याही कामाला उशिरा गेलेले नाही. ऑफिसातली माणसं याचं श्रेय माझ्या स्वभावाला देतात. मी देऊ देते.

व्हिलन कसा जेवतो यावर तुम्ही त्याची परीक्षा करायचात. "ओरडणारा व्हिलन कच्चा. जो शांत बसून, माशी वारत, वरणभात कालवतो ना, त्याला भ्यायचं." मार्क शाळेसारखे, शंभरपैकी. पास व्हायला पस्तीस, आणि ग्रेस तुम्ही कुणालाच दिले नाहीत. हिरोनं शेवटी भाषण केलं की दहा कापायचात. शेवटी पोलीस आले की पिक्चर नापास. "आयुष्यभर कुठं व्हते हे? अन् आता काहून येऊन राहिले मधीच?" अख्ख्या थिएटरला ऐकू जाईल अशा आवाजात. पुढं टॉकीजला जाणं कमी झालं आणि टीव्हीवर दक्षिणेकडचे हिंदीत केलेले पिक्चर यायला लागले, तेव्हा तुम्हाला तुमची माणसं सापडली. "यांना सूड कळतो. आपल्याकडं नुसते डायलॉग." शुक्रवार आपला ठरला. नसीमभाभी फुटाणे घेऊन यायच्या. संवाद चालू असताना चावायचं नाही, मारामारीत चावायचं, हा तुमचा नियम. भाभी म्हणायच्या, "आक्का, तुम्हारे पिच्चर में दाँत को भी छुट्टी नई मिलती."

आपलं एकच भांडण होतं आणि ते अर्धं राहिलं. मला शेवटी सगळे एका पंगतीला बसतात ते पिक्चर आवडतात. मी म्हणायचे, सूड घेऊन मिळतं काय? मेलेला माणूस परत येत नाही. माफ करणारा मोठा असतो. तुम्ही फुटाण्याचं साल फुंकरून उडवायचात आणि म्हणायचात, "माफी द्यायला आधी समोरच्यानं मागावी लागती, मंगल. न मागता दिली तर ती माफी न्हाई, आळस हाय."

मी ते हसण्यावारी नेलं. आता नेत नाही.

ऑफिसात नव्या साहेबांनी माझं वर्षभराचं काम स्वतःच्या नावावर वर पाठवलं, तेव्हाची गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. मी घरी येऊन स्वयंपाकघरात रडत होते. तुम्ही विचारलं नाही काय झालं. गॅस बंद केला, हात धरून बैठकीत आणलं आणि पिक्चर लावला. त्यातली बाई तीन तास काहीच करत नाही, फक्त बघत राहते, लक्षात ठेवते. पिक्चर संपल्यावर तुम्ही म्हणालात, "सुडाला राग लागत न्हाई, पोरी. बैजवार यादी लागती. तू त्यात हुशार निघशील." मी त्या साहेबांचं काय केलं ते इथं लिहीत नाही. त्यांची बदली झाली, एवढं पुरे. माझी आई गेली तेव्हा मी रडले त्याहून जास्त मी त्या रात्री तुमच्याजवळ हसले होते. त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले. मानते.

आता शेवटचा शुक्रवार.

डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं होतं. तुमची कॉट बैठकीत, टीव्हीसमोर, हे तुम्हीच ठरवलं. ऑक्सिजन लावलेला. दुपारी आपण तो पिक्चर लावला. नाव इथं लिहीत नाही. भाऊजी हे वाचणार आहेत. तांदळाच्या गिरणीचा मालक एका मजुराला मारतो. त्या मजुराची बहीण नाव बदलून त्याच मालकाच्या घरी स्वयंपाकाला राहते. वर्षं जातात. त्याला तिच्याच हातचं लागतं, बायकोच्या हातचंही नको होतं. तुम्ही नळीतून श्वास घेत घेत म्हणालात, "बघ कसा जेवतो. पंच्याऐंशी." इतके मार्क तुम्ही माझ्या देखत कुणाला दिले नव्हते. मग तो दिवस येतो. ती ताट वाढते. तो घास उचलतो, थांबतो, ताट तिच्याकडे सरकवतो आणि म्हणतो, "आधी तू खा."

तेवढ्यात सिलिंडरवाल्याचा फोन आला, दुकान बंद करतोय, आताच या. मी म्हटलं, तुम्ही बघा, मी आलेच. तुम्ही रिमोट दाबून पिक्चर थांबवलात. "एकटीनं शेवट बघत नसतात. लवकर ये. मेलेली सापडले तर तुलाच एकटीला बघावा लागंल."

मी सिलिंडर घेऊन आले तेव्हा टीव्हीची पिन काढलेली होती. भाऊजी सेनगावहून पोचले होते. त्यांच्या मोबाइलवर भजन चालू होतं, मोबाइल तुमच्या उशीवर, कानाजवळ. रिमोट त्यांच्या सदऱ्याच्या खिशात. मी म्हटलं, "भाऊजी, हे काय केलं?" ते म्हणाले, "ही काय पिक्चरची येळ हाय का? देवाचं नाव कानावर पडू दे तिच्या." तुम्ही काळ्या पडद्याकडे बघत होतात. मग माझ्याकडे वळलात.

"मंगल, तिनं खाल्लं का?"

"आक्का, हरी म्हण," भाऊजी म्हणाले.

तुम्ही हरी म्हणाला नाहीत. डोळे मिटलेत. त्यानंतर श्वासच असा लागला की मी सिलिंडर बदलण्यात, डॉक्टरांना फोन लावण्यात आणि ह्यांना ड्युटीवरून बोलावण्यात गुंतले. पहाटे तुम्ही गेलात. "तिनं खाल्लं का" यानंतर तुम्ही काही बोलला नाहीत. हे मी इथं लिहून ठेवते, म्हणजे कुणी दुसरं काही सांगितलं तर दाखवायला होईल.

दशक्रियेला बायकांनी नदीवर येऊ नये, असं भाऊजींचं म्हणणं होतं. पण तीळ, दर्भ, पत्रावळी, दुधाची पिशवी, काय कुठल्या थैलीत आहे ते मलाच माहीत. मी आधीच गाडीत बसले होते. कयाधूच्या काठावर पिंड ठेवले. कावळे बाभळीवर बसून बघत राहिले. एकही खाली येईना. आपल्याकडे अशा वेळी गेलेल्याची इच्छा बोलून दाखवतात, ती पुरी करू असा शब्द देतात, मग कावळा शिवतो. भाऊजी पिंडाच्या अगदी जवळ उभे राहून, छत्री हलवत बोलू लागले. "आक्का, तुझ्या नावानं औंढ्याला अभिषेक करतो." कावळा नाही. "सप्त्याला पंगत देतो." नाही. "शाळेला घंटा देतो, पितळंची." नाही. ऊन चढायला लागलं. भाऊजींचा चेहरा उतरला. बहीण काही मनात ठेवून गेली, ही भीती त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांची कीव आली. पण लगेच गेली.

मी पुढे झाले. म्हटलं, "सगळे जरा मागं सरका. पार त्या गाडीपर्यंत. भाऊजी, छत्री मिटा." सगळे सरकले. मग मी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आक्का, तुमचा अर्धा राहिलेला पिक्चर भाऊजी स्वतः बसून पुरा बघतील. पहिल्यापासून."

कावळा आला. एक नाही, तीन आले.

तुम्हाला सांगते, माणसं लांब गेली आणि छत्री मिटली की कावळे येतातच. ते मला तिथं पोचल्यापासून दिसत होतं. भाऊजींना दिसलं नाही. त्यांनी हात जोडले. सेनगावचे पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. एक म्हातारबा म्हणाले, "पिक्चर? कोन्ता पिक्चर?"

म्हणून तो रविवार. भाऊजी आले तेच मुळी रिकाम्या देहानं, मन सेनगावात ठेवून. खुर्ची टीव्हीकडे पाठ करून ठेवली. हातात जपमाळ. "मी हितं बसतो. शब्द पाळला म्हणजे झालं." सर्टिफिकेट आलं, नाव आलं, त्यांनी वर बघितलं नाही. नसीमभाभींनी फुटाणे वाटले.

गिरणीतल्या खुनाच्या वेळी जपमाळ थांबली. ती बाई नाव बदलून दारात उभी राहिली तेव्हा खुर्ची थोडी तिरकी झाली. स्वयंपाकघराच्या दृश्याला भाऊजी पूर्ण वळले होते. जाऊबाई मला म्हणाल्या, "आगं, भाजी संध्याकाळची कोन्ती..." भाऊजी खेकसले, "गप बस की!" थोड्या वेळानं त्यांचं स्वतःशीच सुरू झालं. "तिनं ती किल्ली काहून ठिवली तिथं? त्याच्या ध्यानात येईल ना. हे बघा, आलं ध्यानात. न्हाई, न्हाई आलं." हे माझ्याकडे बघून हसले. मी हसले नाही. मी रिमोट हातात घेऊन बसले होते.

ताट वाढलं. मालक बसला. घास उचलला, थांबला. ताट सरकवलं.

"आधी तू खा."

मी टीव्ही बंद केला. उठून पिन काढली.

"लाइट गेली का?" भाऊजी म्हणाले.

"नाही. मी बंद केला."

"काहून?"

"देवाचं नाव घ्यायची वेळ झाली." मी मोबाइलवर तेच भजन लावलं आणि मोबाइल त्यांच्या खुर्चीच्या हातावर ठेवला.

नसीमभाभींच्या तोंडातला फुटाणा तसाच राहिला. ह्यांनी माझं नाव घेतलं, दबक्या आवाजात. भाऊजी आधी हसले, थट्टा समजून. मग म्हणाले, "मंगल, असं नको करू. तेवढं सांग फक्त. तिनं खाल्लं का?"

भजन चालू होतं. भाऊजींचं तोंड उघडंच राहिलं. आपण काय विचारलं ते त्यांच्या कानावर उशिरा पडलं असावं. त्यांनी तुमची कॉट होती त्या मोकळ्या जागेकडे बघितलं. हात लांब करून भजन स्वतःच बंद केलं.

"आक्का बी..." एवढंच म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

मला वाटलं होतं त्या क्षणी मला खूप बरं वाटेल. वाटलं. तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. खूप बरं वाटलं, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन मी तुमचा कप, तो निळ्या कडेचा, उगाच धुतला. तो पंधरा दिवस कुणी वापरलेलाच नव्हता.

सोमवारी सकाळी भाऊजी चहा घेऊन माझ्यामागे आले. रात्री झोपले नव्हते, दिसत होतं. "नदीवर शब्द दिला व्हता. आर्धा ठिवला तर आक्काला तकलीफ व्हईल. चालू कर."

मी अट सांगितली. महिन्याच्या श्राद्धाला सेनगावात तेच पाहुणे जमणार आहेत. तिथं उभं राहून त्यांनी सांगायचं, टीव्ही कुणी बंद केला आणि आक्का शेवटी काय बोलली. शब्द न् शब्द. मग आपण सगळे मिळून उरलेला पिक्चर बघू.

"लोकात काय सांगू? म्हातारी पिक्चर पिक्चर करत गेली म्हणू?"

"हो. तेच म्हणा."

"आगं, मी तिच्या भल्यासाठीच केलं ना. भाऊ हाय मी तिचा. माझे हात थरथर कापून राहिले व्हते त्या दिशी. देवाच्या नावाबिगर दुसरं काय व्हतं माझ्याजवळ?"

हे खरं असणार, आक्का. तुम्ही दोघं एका ताटात जेवून मोठे झालात, हे मला जाऊबाईंनी कितीदा सांगितलंय. माझ्या आवडीच्या पिक्चरमध्ये इथं भावजयीचे डोळे भरून येतात आणि ती पिन लावते. मी म्हटलं, "भ्यायलात, ते समजलं. पण मग सभेत खोटं काहून बोललात? तेव्हा तर हात कापत नव्हते."

त्यांनी चहा तसाच ठेवला आणि दुपारच्या एसटीनं सेनगावला गेले.

जाऊबाईंचा फोन येतो. सांगतात की भाऊजी मोबाइलच्या दुकानात जाऊन विचारून आले, गिरणीवाला अन् स्वयंपाकवाली बाई असलेला पिक्चर द्या. दुकानदारानं विचारलं, नाव काय? नाव कुठलं माहीत असायला, नाव आलं तेव्हा पाठ करून बसले होते! दुकानदारानं दोन वेगळेच पिक्चर भरून दिले. दोन्ही बघितले. आता म्हणे त्यांना मत आहे. एकाला म्हणाले, "पोलीस काहून आणले शेवटी, समदी चव घालवली." जाऊबाई हसत होत्या. मला मात्र तुम्हीच बोलताय असं वाटलं.

मी शेवट बघितलेला नाही. बघू शकते, एक बटण दाबायचं आहे. नसीमभाभी रोज कुंपणावरून विचारतात, "देखी क्या? सच्ची बोल." नाही म्हटलं की म्हणतात, "तू भी आक्का की माफिक पक्की है." ते वाक्य मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं.

महिन्याच्या श्राद्धाची तयारी झाली आहे. पत्रावळी आल्या, गुरुजींना सांगून झालं, सेनगावला न्यायच्या टीव्हीला जुनं ब्लँकेट गुंडाळून ठेवलं. काल संध्याकाळी भाऊजींचा फोन आला. बराच वेळ हवापाण्याचं, सोयाबीनच्या भावाचं बोलले. मग म्हणाले, "मंगल, मी सांगतो. पण फोनवर सांगतो एकेकाला. चालंल?"

"नाही, भाऊजी. उभं राहून. सगळ्यांसमोर."

"सेनगावात?"

"सेनगावात."

त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, फोनही ठेवला नाही. मी पण फोन ठेवला नाही. शेवटी त्यांचंच कुणीतरी जेवायला बोलावलं आणि ते गेले.

यादीतल्या सगळ्या कामांपुढे खुणा झाल्या आहेत, आक्का. भाऊजींच्या नावापुढची तेवढी व्हायची आहे.